कमानीआधीचं वळण

सोमवार, ९ सप्टेंबर
नदीकाठचं गाव, खानावळीच्या वरची खोली

दादा,

शिरसाष्टांग वगैरे आज जमणार नाही. वाकले तर पुन्हा सरळ होता येणार नाही, अशी कमरेची गत आहे. तेव्हा नमस्कार बसल्या जागेवरून घे.

हे पाकीट दारात पडलं की तू अक्षर ओळखशील आणि न फोडता वहिनीच्या हातात देशील, मला ठाऊक आहे. सहा वर्षं माझे फोनही असेच तिच्याकडे जातात. तर वहिनी, हे त्याला वाचून दाखव. जेवताना नको, ठसका लागेल.

मी सायकलवर आहे. हसून घे. कोपऱ्यावरच्या दुकानात जायला बसची वाट बघणारी तुझी बहीण सत्तावन्नाव्या वर्षी कॅरिअरला दोन पिशव्या लटकवून आपल्या पुस्तकातला रस्ता चढायला निघाली आहे. आज बावीस किलोमीटर झाले. शेवटचे चार मी सायकल ढकलत आणले. रस्त्यात एका म्हाताऱ्या माणसाने मला मागे टाकलं, तेही चालत.

कारण सांगते. छापखान्याच्या मालकांनी कारभार सोडला, आता त्यांची मुलगी बघते. तिला आपलं सायकलवाल्यांचं पुस्तक पुन्हा काढायचं आहे. तू तिला पाठवलेली चिठ्ठी तिने मला दाखवली. ‘मजकूर वापरा. माझं नाव काढा.’ बस, एवढंच. सही सुद्धा अर्धी. ती म्हणाली, मग एकट्या तुमच्या नावाने काढू या. मी म्हटलं, आधी मला रस्ता बघून येऊ दे.

कारण गंमत बघ ना. ते अख्खं पुस्तक मी लिहिलं आणि त्यातला एक किलोमीटरही मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तू चालवायचास, मी जेवणाच्या टेबलावर बसून लिहायची. तू कायम खालून वर जायचास. चढताना रस्ता दिसतो, उतरताना नुसते ब्रेक दिसतात, असं तुझं म्हणणं. पण पुस्तक विकत घेणाऱ्यांना उतारच हवा असतो. म्हणून तुझी एकेक नोंद मी कागदाच्या पट्टीवर उतरवायची, पट्ट्या टेबलावर उलट्या क्रमाने मांडायची, शेवटची पहिली, डावीकडचं उजवीकडे, चढाचा उतार, आणि मग डिंकाने चिकटवायची. आपण त्याला ‘उलटवणी’ म्हणायचो. तुझ्या बारा रस्त्यांच्या बारा वह्या मी अशा उलटवल्या. वहिनीला त्या दिवसांत टेबल मिळायचं नाही आणि आपण तिघं मांडीवर ताटं घेऊन जेवायचो.

आणखी एक. घाटाची वही सापडली. नववी. तेव्हा सापडत नव्हती तीच. घराला रंग काढला तेव्हा कपाट हलवलं, त्याच्या मागे पडली होती. सोबत आणली आहे. तिच्याच बोटाला धरून चालले आहे.

पाय ठणकताहेत. झोपते.

तुझी भिंगरी


बुधवार, ११ सप्टेंबर
जंगलातलं विश्रामगृह

दादा,

आज पावसाची भुरभुर, चिखल, आणि दोनदा चेन उतरली. पहिल्यांदा बसवली तेव्हा स्वतःची पाठ थोपटली. दुसऱ्यांदा रडले. हात कोपरापर्यंत काळे, आणि तेच हात डोळ्यांना लावले. विश्रामगृहाच्या बाईंनी दार उघडलं आणि एक पाऊल मागेच सरकल्या.

“एकट्याच? या वयात?” म्हणाल्या.

“वय माझं विचारताय की सायकलचं?” मी म्हटलं. सायकलही काही कालची नाही.

त्यांनी बादलीभर गरम पाणी दिलं आणि मग आपण होऊन आणखी एक बादली दिली. माझी अवस्था तेवढी वाईट होती.

तुझी वही उघडून बसले आहे. एक कबूल करायला हवं. मला वाटायचं, तू नोंदींत उगाच फापटपसारा लिहितोस. ‘इथली माती काळी. पूर्वी इथे कोळसे पाडायचे. बूट झटकून पुढे जा.’ मी छापताना बूट काढून टाकले होते, आठवतं? काल त्या जागी उभी राहिले. झाडांमध्ये मोठे गोल खड्डे, त्यांच्यात गवतसुद्धा धड उगवलेलं नाही, आणि बूट खरोखर काळे. मग बुरुजाच्या सावलीतला झरा. ‘पाणी आहे, चव लोखंडाची.’ प्यायले. लोखंडाचीच. पडक्या किल्ल्याच्या पायऱ्या तू एकशे अकरा लिहिल्या आहेस. मोजल्या. एकशे अकरा. तीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेल्या बाईला दोन दिवसांत तुझी एक चूक सापडली नाही, हे फार थकवणारं आहे.

उद्या-परवा घाट. तो जवळ आला तसं ते सगळं पुन्हा डोक्यात यायला लागलं आहे.

मालकांची खोली. पंखा बंद पडलेला. आपण चौघं, मालक, त्यांचा हिशेबनीस, तू, मी. टेबलावर त्या गृहस्थांचं पत्र. त्यांची बायको घाट उतरताना वळणावर पडली, उजवा हात तीन ठिकाणी मोडला, बोटं आता मिटत नाहीत. बाई पडदे शिवायच्या. ‘तुमच्या पुस्तकात वळणाची सूचना वळणाच्या नंतर छापली आहे. आधी छापली असती तर ती सावध झाली असती.’ पान लाल शाईने खुणा करून जोडलेलं. बरोबर होतं त्यांचं. कमानीच्या नोंदीत लिहिलं होतं, जपून, वळण अंगावर येतं. आणि वरून येणारा माणूस कमानीपाशी पोहोचतो तेव्हा वळण मागे गेलेलं असतं.

मालकांनी विचारलं, “मुळात चूक नोंदीत आहे की उतरवण्यात?”

तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, “वही सापडत नाही. पण मी नोंदी होत्या तशाच उतरवल्या.”

तू लाल खुणांचं ते पान पुन्हा वाचलंस. मग म्हणालास, “म्हणजे माझंच चुकलं असणार. वळणाची वेगळी नोंद करायची राहिली असेल.”

आठवड्याच्या आत तू सायकल देऊन टाकलीस. महिन्याभरात लेकीच्या शहरात राहायला गेलास. मला एका शब्दाने बोलला नाहीस. खरं सांगू, मला त्याचा रागच आला. भांडला असतास, वही शोध म्हणून माझ्या डोक्यावर बसला असतास, तर बरं झालं असतं. तू निमूट मान खाली घातलीस आणि मला बोलायला जागाच ठेवली नाहीस.

हे लिहिताना मला कळतं आहे की हे काही शहाण्या माणसाचं बोलणं नाही. दमले आहे, सोडून दे.

भिंगरी


शुक्रवार, १३ सप्टेंबर
घाटावरचा जुना जकातनाका

दादा,

दुपारी वहिनीचा फोन आला तेव्हा मी कमानीपासून दोन किलोमीटर खाली एका दगडावर बसून श्वास मोजत होते. ती म्हणाली, पहिलं पत्र पोचलं. तू ते स्वतः फोडलंस. दोनदा वाचलंस. आणि तिला म्हणालास, “तिला विचार, कमानीच्या नोंदीत मी नक्की काय लिहिलंय. एकदाचं कळू दे मला.”

वहिनी म्हणाली, “सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काही विचारलंय गं. बघ आणि सांग.”

मी म्हटलं, वर पोहोचले की सांगते. फोन ठेवला आणि पुढचे दोन किलोमीटर कसे चढले ते मला आठवत नाही. सायकल ढकलत होते की सायकल मला ढकलत होती, देव जाणे.

कमान तू लिहिली आहेस तशीच आहे. काळा दगड, डाव्या खांबावर सैनिकांनी कोरलेली नावं, झिजलेली. कमानीतून पुढे पाऊल टाकलं आणि समोर रस्ताच नाही, नुसतं आकाश. वळण इतकं जवळ आहे. चढताना पाय जड असतात म्हणून माणूस थांबतो, बघतो. मी वळण ओलांडून वरच्या बाजूला गेले आणि खाली तोंड करून उभी राहिले, आपल्या वाचकासारखी. वरून सरळ, गुळगुळीत उतार. कमान दिसतसुद्धा नाही. वळण दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आता ऐक. वही कपाटामागे सापडली नाही. ती हरवलीच नव्हती. सहा वर्षं ती माझ्या खणात, माझ्या साड्यांखाली होती.

मालकांच्या खोलीत बसलो त्याच्या आदल्या संध्याकाळी मी ती उघडली होती. तुझीच चूक निघेल या खात्रीने उघडली होती. कमानीची नोंद होती: ‘कमान. ओलांडली की लगेच वळण, अंगावर येतं, खाली दरी. जपून.’ आणि समासात, पेन्सिलीने, बाण काढून: ‘भिंगरे, उलटवताना ही ओळ वर घे. वरून येणाऱ्याला वळण आधी लागतं.’

तू वळण लिहिलं होतंस. ते उलटं पडणार हेही तुला आधीच कळलं होतं. तू मला नाव घेऊन सांगितलं होतंस.

मी पट्ट्यांवर नोंदी उतरवायची, समास नाही. एकदा पट्ट्या झाल्या की वही मिटायची आणि पुन्हा उघडायची नाही. त्या घाटाच्या चाळीस पट्ट्या होत्या, वहिनी टेबल मागत होती, आणि मी एका बैठकीत सगळ्या चिकटवून टाकल्या. इतकी साधी गोष्ट. आळस. मी, जिच्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही म्हणून छापखान्यात लोक टरकून असायचे, तिने समास वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं तेव्हा मी तुझ्या तोंडावर खोटं बोलले. तुला आठवत नव्हतं हे मला माहीत होतं. तू एका मोसमात बारा वह्या भरल्या होत्यास, तुला एक समास कसा आठवणार? तू माझ्याकडे पाहिलंस ते आरोप करायला नाही, विचारायला. आणि मी तुला तुझीच चूक आहे असं पटवून दिलं.

नोकरी जाईल याची भीती होती का? होती. पण तेवढंच नव्हतं. मी चुकले, हे चार माणसांत म्हणवलं नाही. इतकंच. त्यानंतर दर वर्षी वाटायचं, आता सांगावं, आणि दर वर्षी सांगणं जास्त जड होत गेलं. सोमवारच्या पत्रातसुद्धा मी कपाटाची थाप मारली. घराला रंगही काढलेला नाही.

हे पत्र उद्या सकाळी टपालपेटीत टाकणार आहे. टाकेपर्यंत माझा भरवसा नाही, म्हणून नाक्यावरच्या चहावाल्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे की सकाळी मला पेटीपाशी नेऊन उभं कर. त्याला वाटलं, गुडघे गेले बाईंचे.

भिंगरी (तू अजून म्हणणार असलास तर)


रविवार, १५ सप्टेंबर
पठारावरचं शहर

दादा,

पत्र टाकलं. आता परत घेता येत नाही.

इथे तुझी वही संपते आणि पुस्तकातला हा रस्ता सुरू होतो. त्या बाई इथेच राहतात. पत्ता त्यांच्या नवऱ्याच्या त्या पत्रावर होता, मला पाठ झाला आहे. सायकल भिंतीला लावली आणि दहा मिनिटं घंटी न वाजवता उभी राहिले.

पुढची खोली म्हणजे दुकानच. तीन शिलाई मशीन, भिंतीला कापडाचे तागे. दोन मुली शिवत होत्या आणि बाई डाव्या हाताने कापड बेतत होत्या. उजवा हात कापडावर नुसता वजनासारखा ठेवलेला. माझ्याच वयाच्या असतील.

मी सांगितलं, मी कोण. म्हटलं, “पुस्तकातली चूक माझी होती. माझ्या भावाची नाही. एवढंच सांगायला आले.”

“तुमच्या भावाचं पत्र आलं होतं,” त्या म्हणाल्या. “तेव्हाच. चार पानं. माफी मागितली होती. मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार?”

तू त्यांना पत्र लिहिलंस हे मला माहीत नव्हतं, दादा. माझ्या चुकीसाठी चार पानं.

त्यांनी मुलींना चहा करायला आत पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “बाई, इतक्या लांबून आलात म्हणून सांगते. ते पुस्तक माझ्या पिशवीत तळाला होतं. मी त्यातली एक ओळ वाचली नव्हती. मला रस्त्याचं काही कळत नाही, मी आपली यांच्या मागे जायचे. हे पुढे होते. मागे वळून ओरडले, सोड ब्रेक, सरळ आहे! मी सोडला. ते स्वतः कसेबसे वळले. मी नाही.”

माझ्या मनात काय झालं ते लपवत नाही. हलकं वाटलं. म्हणजे पुस्तकामुळे काही झालंच नव्हतं? अर्धा मिनिट मी त्या खोलीत मोकळा श्वास घेतला. मग जीभ आवरली नाही.

“त्यांनी सकाळी पुस्तक वाचलं होतं का?”

बाईंनी कात्री खाली ठेवली. “ते मी सहा वर्षांत त्यांना विचारलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यातून आल्यावर आठवडाभर त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मग एक दिवस पुस्तक हातात घेऊन आले, बघ, यांनीच चुकीचं छापलंय. त्या दिवशी ते जेवले. मी गप्प बसले ती बसलेच. तुम्हीही विचारू नका. पाच वाजता येतील ते. त्याच्या आत निघा.”

निघताना त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला. “भावाला सांगा, पत्र मी ठेवलंय.”

तेव्हा चूक कुणाला किती भोवली, हे आपल्याला कधीच कळणार नाही. मी ते आता शोधणार नाही. पण परतताना सायकल हातात धरून मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. ती बाई नवऱ्यासाठी गप्प बसली. मी स्वतःसाठी. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून मी इतकी वर्षं स्वतःला बरी समजत होते.

छापखान्यात फोन केला. मुलीला सगळं सांगितलं. पुस्तकावर तुझं नाव पहिलं येईल, आणि पहिल्याच पानावर छापलं जाईल की आधीच्या आवृत्तीत घाटाच्या सूचनेचा क्रम बहिणीने चुकवला होता, वहीत तो बरोबर होता. वाक्य मीच लिहून दिलं. ती म्हणाली, इतकं स्पष्ट कशाला? मी म्हटलं, मुद्रितशोधकाचं ऐकायचं असतं.

भिंगरी


बुधवार, १८ सप्टेंबर
घर

दादा,

मघाशी फोनवर मला बोलता आलं नाही म्हणून लिहिते आहे.

घरी आले, कुलूप काढलं, सायकल जिन्याखाली लावली, आणि फोन वाजला. वहिनी. आवाज तिचा नेहमीचा नव्हता. म्हणाली, “पत्र आलं. घाटावरचं. त्यांनी वाचलं.” मग इकडचं तिकडचं बोलली, जसं माणूस बोलतं, मधला वेळ भरायला. परवा तुला डॉक्टरांकडे नेलं होतं म्हणाली. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या आहेत, जिने जपून, आणि सायकलचं नाव काढायचं नाही असं बजावलं. “म्हणजे तसंही कुठे चालवत होते,” ती म्हणाली, आणि थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. मग म्हणाली, “थांब, ते फोनसाठी हात करतायत.”

सहा वर्षांनी तुझा श्वास ऐकला. मी तयार होते. तीन दिवस उतारावर ब्रेक दाबत मी तुझ्या तोंडी घालायच्या शिव्या जुळवत आले होते. तू शिव्या दिल्यास तर काय म्हणायचं, फोन आपटलास तर पुन्हा कधी करायचा, सगळं ठरवलं होतं. माफ केलंस तर काय म्हणायचं, तेही.

तू यातलं काही केलं नाहीस. तू चिडला नव्हतास. लहान पोराने विचारावं तसं विचारलंस, “तेव्हा माझे गुडघे चांगले होते ना गं?”

होते, दादा. तेव्हा तुझे गुडघे चांगले होते.